परतीची वेळ आधी लिही

लातूर,
कार्तिक वद्य पंचमी.

चि. नातीस,


तू पाठवलेलं चित्र चार वेळा पाहिलं. सरळ तुटलेला कडा, कड्यावर मुंगीएवढी माणसं, आणि खाली डोंगरांच्या मधून लांबवर शिरलेलं निळं पाणी. खाली तू विचारलंस, ‘आबा, असं काही आपल्याकडे आहे का? आम्ही चार मैत्रिणी डिसेंबरात एका दिवसात चढून उतरू असं ठिकाण शोधतोय.’ उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवरचं बोलणं अर्धं वाऱ्यावर जातं. म्हणून कागद घेतला. हे पत्र चौघींनी एकत्र बसून वाचा.

तुझ्या चित्रातला कडा नॉर्वेतला आहे, प्रेकेस्टोलेन नावाचा. खालच्या पाण्यापासून तो ६०४ मीटर उंच आहे. ते पाणी नदीचं नाही, समुद्राचं आहे. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड नद्यांनी तिथले डोंगर खोल कोरले, बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांमध्ये समुद्र आत घुसला. अशा दरीला फियॉर्ड म्हणतात. तिथला सोग्ने फियॉर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आणि सर्वांत खोल जागी सुमारे १,३०० मीटर खोल आहे.

आपल्याकडे बर्फाने दऱ्या कोरल्या नाहीत. आपल्या पायाखाली लाव्हारसाचा काळा दगड आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला. औशाच्या माळावर नांगर अडतो तो हाच दगड, आणि सह्याद्रीचे कडे उभे आहेत तेही याच दगडाचे. त्यात दऱ्या कोरल्या त्या पावसाने आणि नद्यांनी. पण डोंगरांच्या कुशीत दूरवर गेलेलं पाणी माथ्यावरून पाहायचं असेल, तर तशी जागा महाराष्ट्रात आहे. सातारा जिल्ह्यातला वासोटा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा शिवसागर.

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे जाते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते, तिथे कोयनानगरला धरण बांधलं. पन्नासच्या दशकात काम सुरू झालं आणि साठच्या दशकात पाणी अडलं. अडलेलं पाणी, म्हणजेच शिवसागर, मागे मागे सरकत पन्नासेक किलोमीटर दरीत भरलं, बाजूच्या ओढ्यांच्या खोऱ्यांतही बोटं घालून बसलं. वासोटा समुद्रसपाटीपासून ११७१ मीटर उंच आहे, आणि धरण काठोकाठ भरलं की पाण्याची पातळी ६५९ मीटरवर असते. म्हणजे तुम्ही पाण्यापासून पाचशे मीटर वर उभ्या राहाल. तुझ्या चित्रातल्या उंचीच्या फार मागे नाही. आणि तिथे जायचं तर आधी होडीतूनच जावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. मी उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढली. कालवा निरीक्षकाचं काम म्हणजे हिशेब. धरणात किती पाणी आहे, किती आवर्तनं द्यायची, शेवटच्या शेतापर्यंत पोचेल का, वाटेत किती मुरेल. पाणी सोडण्याआधी ते कुठे संपणार हे ठरवावं लागतं. डोंगरावरचा दिवसही तसाच आहे. त्या दिवशी तुमच्याकडे तीन गोष्टींचा साठा असतो. पाणी, उजेड आणि पायातलं बळ. तिन्ही मोजून खर्च करायच्या, आणि मोजणी उलटीकडून, घरी परत येण्यापासून करायची. कोऱ्या कागदावर सर्वांत आधी परतीची वेळ लिही. माथ्यावर पोचायची वेळ त्याच्यानंतर.

हे मला कुणी शिकवलं नाही, फटका बसून कळलं. पन्नाशी उलटल्यावर आम्ही खात्यातले पाचजण वासोट्याला गेलो होतो. रात्रभर प्रवास करून सकाळी शिवसागराच्या काठावरच्या बामणोलीत उतरलो, चहा-नाष्ट्यात रमलो, होडीत बसलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. माथ्यावर पोचलो अडीचला. एवढ्या लांबून आलोय, दोन घटका बसू, असं प्रत्येकजण म्हणत राहिला. उतरायला निघालो तेव्हा चार वाजले होते आणि पाचजणांत मिळून एक बाटली पाणी उरलं होतं. बाहेर ऊन होतं, पण त्या रानात झाडांचा मांडव इतका दाट की खाली अंधार लवकर धरतो. अर्ध्या वाटेत आमच्यातल्या सर्वांत वडील माणसाच्या पोटऱ्यांत गोळे आले. आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून, पाऊल चाचपत खाली आणलं. शेवटचा टप्पा आम्ही खालून येणाऱ्या हाकेच्या अंदाजाने उतरलो. नावाडी काठावर बॅटरी घेऊन उभा होता आणि दर दोन मिनिटांनी आरोळी देत होता. तो गेला नाही, थांबला, म्हणून त्या रात्री आम्ही घरी फोन करू शकलो. त्या माणसाचं घरही त्याची वाट पाहत असेल, हे मला होडीत बसल्यावर सुचलं. उशीर आम्ही केला होता, किंमत त्याने मोजली. ती गोष्ट मनातून जात नाही.

म्हणून तुमचा दिवस मी उलटा मांडून देतो. डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. तू नांदेडला राहतेस, तिथे दोन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटं आधी येतात, कारण नांदेड पूर्वेला आहे. तेव्हा साताऱ्याकडच्या उजेडाने विचार कर. मावळतीच्या आधी एक तास हातात राखीव हवा. म्हणजे पाच वाजता तुम्ही बामणोलीच्या काठावर उतरलेल्या असायला हव्यात. होडीला सव्वा तास धर, कधी वारा समोरून असतो. म्हणजे पावणेचारला पायथ्याहून होडी सुटली पाहिजे. उतरायला दोन-अडीच तास. म्हणजे माथा सोडायचा एक वाजता, फार तर सव्वाला. साडेबारापर्यंत माथा गाठला नसेल, तर जिथे असाल तिथून परत फिरायचं, मग माथा दिसत असो वा हाकेवर असो. ही वेळ चौघींनी घरून निघतानाच ठरवा आणि एकमेकींना शब्द द्या. डोंगरावर दमलेलं मन स्वतःशी वाद घालतं आणि जिंकतं. खाली दिलेला शब्द तिथे कामी येतो.

चढायला किती वेळ लागेल हे कसं काढायचं, तेही सांगतो. १८९२ साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपी मोजणी सांगितली. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर चढण्याच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. वासोट्याची चढण पाचशे मीटर, म्हणजे पन्नास मिनिटं. वाट वळणावळणाची, अंतर पाच किलोमीटर समज, तो एक तास. झाले एक तास पन्नास मिनिटं. पण ही मोजणी न थांबता चालणाऱ्या सवयीच्या माणसाची आहे. तुम्ही चौघी नवख्या, पाठीवर ओझं, मध्ये पाणी पिणं आलं, दम खाणं आलं. त्यात निम्मा वेळ आणखी घाल. पावणेतीन तास. सकाळी आठला बामणोलीहून होडी, सव्वानऊला पायथा, तिथून पावणेतीन तासांनी बारा. बाराला माथा, एकला परत. बघ, सगळं बसलं. पण बसलं ते केवळ आठच्या होडीमुळे. ती होडी नऊची झाली की माथ्यावरचा तास गेला.

आठच्या होडीसाठी आदली रात्र साताऱ्यात किंवा बामणोलीतच काढायला हवी. लातूरहून साताऱ्याला तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, नांदेडहून लातूरपर्यंतचं आणखी वेगळं. आमच्यासारखं रात्रभर बसमध्ये मान टाकत जाऊन थेट चढायला लागू नका. एक दिवस आधी निघा, साताऱ्याला मुक्काम करा, पहाटे कास पठारावरून बामणोली गाठा. कासची फुलं पावसाळ्याच्या शेवटची, डिसेंबरात ती नसतील, पण पहाटेच्या धुक्यात त्या पठारावरचा रस्ता पाहण्यासारखा असतो.

बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ओळखपत्रं प्रत्येकीजवळ हवीत. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, आणि हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे किल्ल्यावर मुक्कामाला मनाई आहे, पावसाळ्यात वाट बंद असते. निघण्याआधी आठ दिवस फोन करून चौकशी कर, होडीचा दर आणि वेळा विचार, कारण हे नियम आणि दर बदलत राहतात. होडी सगळ्यांत मिळून करावी लागते, तेव्हा तिथे आणखी एखादा गट भेटला तर खर्च वाटून घ्या. पण त्यांची परतीची वेळ तुमच्याशी जुळते का हे आधी विचारा.

होडीत जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि अंगात घाला, हातात धरून बसू नका. आपण मराठवाड्याची माणसं, आपल्यातल्या कितीजणींना पोहता येतं? धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. तो बुडालेल्या डोंगराचा उतार असतो. दोन पावलं गुडघाभर, तिसऱ्या पावलाला तळ नाही, आणि खाली गाळ पाय धरून ठेवतो. काठावर तोंड धुवा, पाण्यात उतरू नका. मी धरणावर अठ्ठावीस वर्षं पाणी पाहिलं आहे. शांत दिसणाऱ्या पाण्यावर माझा विश्वास नाही.

पायथ्याला पूर्वी मेट इंदवली नावाचं गाव होतं. आता तिथे वनखात्याची चौकी आहे. पुढे ओढा लागतो, मारुती-गणपती लागतात. त्यानंतर एक फाटा नागेश्वरकडे जातो आणि एक वासोट्याला. नागेश्वरची गुहा सुंदर आहे, पण एका दिवसात दोन्ही करण्याचा मोह धरू नका. रान दाट आहे. गवा, अस्वल, बिबट्या त्या रानाचे रहिवासी आहेत, आपण पाहुणे. मोठ्याने गाणी लावू नका, अत्तर लावून जाऊ नका. कड्यांच्या कपारीत आग्यामोहळं असतात, वासाने आणि धुराने ती उठतात. माशा अंगावर आल्याच तर हात झाडायचे नाहीत, चेहरा-मान कपड्याने झाकून वाटेने दूर व्हायचं. उतरताना चौघींतल्या सर्वांत हळू चालणारीला पुढे ठेवा. तिच्या चालीने सगळ्या चाला. मागे ठेवली की ती दमते आणि बोलत नाही. आमच्याबरोबरचे ते वडील गृहस्थही बोलले नव्हते.

पाणी प्रत्येकीला तीन लिटर. मध्ये ओढा आहे, वर टाकं आहे, पण त्या पाण्यावर हिशेब मांडू नका. एक लिटर चढताना, एक माथ्यावर आणि उतरताना, आणि एक लिटर होडीत बसेपर्यंत उघडायचं नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट प्या. एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू घाला. पोटऱ्यांतले गोळे टळायला त्याची मदत होऊ शकते, हे त्या दिवशी आम्हाला कळलं असतं तर बरं झालं असतं. बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ घ्या. धपाटे दुसऱ्या दिवशीही चांगले राहतात आणि हात धुवायला पाणी लागत नाही. प्लास्टिक मोजून न्या, मोजून परत आणा.

बूट नवे घेऊ नका, महिनाभर पायात मुरलेले घाला. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, छोटी बॅटरी, शिट्टी, पट्टी आणि चिकटपट्टी. आणि एक कागद, ज्यावर चौघींची नावं, रक्तगट आणि घरचे फोन असतील. त्या रानात मोबाइल लागेल असं धरून चालू नका. अडचण आली आणि रेंज मिळाली तर ११२ लावा. पण तुमची खरी सोय म्हणजे बामणोलीत कुणाला तरी सांगून ठेवलेली परतीची वेळ. ती टळली तर कुणीतरी शोधायला निघेल.

आता सरावाचं. आज कार्तिक, तुमच्याकडे महिनाभर आहे. सपाट रस्त्यावर चालून डोंगराची तयारी होत नाही, चढावंच लागतं. पहिल्या रविवारी वडेपुरीच्या रत्नेश्वरीला जा, तुमच्या नांदेडपासून जवळ आहे. पाठीवर तीन लिटर पाणी घेऊनच चढा. घरी आलीस की आपण खरोशाच्या लेण्यांच्या डोंगरावर जाऊ, किंवा देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर. टेकड्या लहान आहेत, पण दोनदा-तीनदा चढून उतरलं की मांड्यांना कळतं.

आणि शेवटची रंगीत तालीम माहूरला. तू देवीला गेली आहेस, पण गाडीने. या वेळी गावातून पायी रेणुकामातेच्या डोंगरावर जा, तिथून दत्तशिखर, तिथून अनसूया, आणि पायीच परत. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची मोठी गर्दी असते, तो आठवडा टाळा. माहूरगडाच्या तटावरून खाली बघ. दरीत पैनगंगा डोंगरांना वळसे घालत गेलेली दिसेल, आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. चित्रातल्यासारखं निळं पाणी तिथे नसेल, पण डोंगर आणि पाणी एकमेकांना कसं वाट देतात हे तुझ्याच जिल्ह्यात उभं राहून समजेल. त्या दिवशीही उलटी मोजणी कर, वेळा लिहून ठेव. ठरवलेल्या आणि लागलेल्या वेळेत किती फरक पडला, तो तुमचा खरा वेग. वासोट्याच्या कागदावर माझे आकडे खोडून ते आकडे घाल.

आता माथ्यावरच्या त्या एका तासाबद्दल. वर बिनछपराचं मारुतीचं मंदिर आहे, महादेवाचं देऊळ आहे, वाड्याची जोती आहेत. शिवरायांनी हा किल्ला घेतला, पुढे तो कैद्यांना ठेवण्यासाठी वापरला गेला. पेशवाईच्या उतरत्या काळात ताई तेलिणीने तो बापू गोखल्यांविरुद्ध लढवला. माथ्याच्या एका टोकाला बाबूकडा आहे, सरळ कोकणात तुटलेला. कड्याच्या काठापासून दोन माणसांची लांबी मागे बसा. तिथे वारा अचानक येतो, आणि फोटोसाठी मागे सरकलेलं पाऊल परत घेता येत नाही.

त्या कड्यावर पडलेला पाऊस पश्चिमेला ओघळला तर कोकणातून अरबी समुद्राला मिळतो. हातभर अलीकडे पडला तर पूर्वेला शिवसागरात उतरतो, कोयनेतून कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे. धरणाने त्यात आणखी एक गोष्ट केली. शिवसागराचं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात नेलं, त्यावर वीज केली, आणि ते वाशिष्ठीत सोडलं. उरलेलं पूर्वेला, नदीत, खालच्या गावांसाठी.

मग पूर्वेकडे तोंड करून बस. ते निळं पाणी बघ आणि एप्रिल २०१६ आठव.

तू तेव्हा लहान होतीस, पण कळशी घेऊन आईबरोबर रांगेत उभी राहिलीस हे तुला आठवत असेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्या धरणाच्या पट्टीवरचे आकडे मी वर्षानुवर्षं वहीत लिहिले, तिथे वाचायला आकडाच नव्हता. पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. सुमारे ३४० किलोमीटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती आपल्या दारात यायची. लोक तिला जलदूत म्हणत.

ते पाणी मिरजेजवळ कृष्णेतून उचललेलं होतं. आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते ती कोयना. उन्हाळ्यात सांगली-मिरजेच्या कृष्णेला कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा मोठा आधार असतो. आपली मांजरा गोदावरीला मिळते, म्हणजे आपण गोदावरीच्या खोऱ्यातली माणसं. निसर्गाच्या वाटेने ते पाणी कधीच आपल्याकडे आलं नसतं. डोंगराने दोन खोरी वेगळी केली होती, रुळांनी त्यांना काही महिने जोडलं. त्या उन्हाळ्यात आपल्या माठात जे पडलं, त्यातला काही वाटा तुझ्या डोळ्यांसमोरच्या या तळ्याचा होता. मी हे मनाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, नकाशा उघडून बोट फिरव, नदी तुला तेच सांगेल.

आणि त्या पाण्याखाली गावं आहेत. त्यांची शेतं, देवळं, स्मशानं तिथे राहिली. माणसं विखुरली, कुणी घाटाखाली गेले, कुणी दुसऱ्या जिल्ह्यांत, आणि पुनर्वसनासाठी कित्येक कुटुंबांना दशकानुदशकं वाट पाहावी लागली. धरण भरल्यावर त्या भागात धक्के बसू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, कोयनानगर पडलं. तुम्ही जाल त्या महिन्यातच त्याची तारीख येते. आपल्या घरात या गोष्टी परक्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुझ्या आजीने किल्लारीला माहेरी पाहिली. पुढे नवं गाव वसलं, रस्ते रुंद, घरं पक्की. पण जुन्या गावातल्या पिंपळाचं नाव निघालं की ती अजून बोलता बोलता थांबते. गाव उठून दुसरीकडे जाणं म्हणजे काय, हे कोयनाकाठच्या माणसाला आणि किल्लारीच्या माणसाला एकमेकांना समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून पोरी, तुला तिकडे जा म्हणतो. तिथे दिसणारं सौंदर्य खरं आहे, मी ते पाहिलं आहे आणि मरेपर्यंत विसरणार नाही. पण नॉर्वेत पाण्याला जागा बर्फाने करून दिली, त्यासाठी कुणाचं घर गेलं नाही. हे पाणी माणसांनी जागा सोडली म्हणून तिथे आहे, आणि त्यातलं थोडं एकदा आपली तहान भागवून गेलं आहे. ज्याने आपल्याला पाणी दिलं त्याच्या दारात आपण जातो आहोत. बामणोलीला ज्यांच्याकडे जेवाल, ज्यांच्या होडीत बसाल, त्यांच्याशी मानाने बोला. आणि जमलं तर विचारा, तुमचं जुनं गाव कुठे होतं. ते पाण्याकडे बोट दाखवतील.

आता माझी दोन कामं. होडीतून जाताना काठाकडे लक्ष ठेव. पाणी आणि झाडी यांच्यामध्ये उघड्या मातीचा एक पट्टा दिसेल, नुसत्या लाल मातीचा, गवतही नसलेला. त्याची वरची कड म्हणजे धरण भरल्याची खूण, खालची कड म्हणजे आजचं पाणी. तो पट्टा किती हात रुंद आहे ते अंदाजाने मोज आणि मला सांग. मला वहीत लिहायचं आहे.

आणि बामणोलीच्या काठावर पाय ठेवलास की आधी मला फोन कर. चारला मी पाणी भरून घेईन, साडेचारला खुर्ची फोनजवळ ओढीन. पाच वाजता वाजला पाहिजे.

तुझे,
आबा